क्रेनवरची दुरुस्ती आणि खाली उभी असलेली माणसं
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळा लागायच्या आत कारखान्यांत क्रेनची वार्षिक दुरुस्ती निघते आणि शेतात विहिरींवर यारी उभी राहते. दोन्हीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलेला धोका एकच: वरून सुटलेली वस्तू. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या पाइप कारखान्यात ५ टनी ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) आहे, तिचे गर्डर म्हणजे आडव्या तुळया जमिनीपासून ८ मीटरवर. दुरुस्ती चालू असताना खालचे सगळे हेल्पर हेल्मेट घालतात. तेवढं पुरे ना?
— सुपरवायझर, जळगाव एमआयडीसी

उत्तर: पुरे नाही. ८ मीटरवरून सुटलेली वस्तू सव्वा सेकंदात खाली येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. वरच्या फिटरने ओरडेपर्यंत ती खाली आदळलेली असते. त्यातून आवाज ऐकला की माणूस आधी मान वर करतो, म्हणजे नेमका चेहराच पुढे येतो.

आता माराचा हिशेब करू. ४०० ग्रॅमचा पाना ८ मीटरवरून पडला तर सुमारे ३१ ज्यूलचा (ज्यूल हे फटक्याच्या ऊर्जेचं माप) फटका बसतो. दांड्यासकट सव्वा किलोचा हातोडा पडला तर ९८ ज्यूलचा. औद्योगिक हेल्मेटच्या ईएन ३९७ या युरोपीय मानकात ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून चाचणी घेतात, तो फटका होतो ४९ ज्यूल, तोही हेल्मेटच्या बरोबर माथ्यावर. हातोडा त्याच्या दुप्पट झाला. शिवाय खांदा, मान, पाठ, पावलं उघडीच राहतात. जळगाव-भुसावळच्या उन्हात पत्र्याखाली किंवा गाडीच्या काचेमागे वर्षभर पडून राहिलेलं हेल्मेट आतून ठिसूळ होतं. दोन्ही हातांनी ते बाजूंनी दाबून बघा. कुरकुर आवाज आला, बारीक चीर दिसली किंवा रंग पांढुरका पडला असेल तर ते बदला. आतली पट्ट्यांची जाळी नीट बसलेली हवी, कवच आणि डोकं यांतली मोकळी जागा तीच राखते. त्या पोकळीत रुमाल, तंबाखूची पुडी ठेवायची सवय मोडा. हनुवटीचा पट्टा लावलेला हवा.

हेल्मेट हवंच, पण खरा उपाय म्हणजे खाली माणूसच नसणं. क्रेन दुरुस्तीला कुठे उभी करायची हे आदल्या दिवशी ठरवा. जिथे खाली चालू मशीन नाही, जाण्या-येण्याची वाट नाही, असं बेचं (क्रेन फिरते त्या शेडच्या पट्ट्याचं) टोक निवडा. मग दोन्ही गर्डरांखालची पूर्ण जागा बंद करा आणि चारही बाजूंना उंचीच्या निम्मं अंतर आणखी धरा. ८ मीटरला ४ मीटर. पडणारी वस्तू सरळ खाली येतेच असं नाही. गर्डरच्या फ्लँजवर, हुक ब्लॉकवर आपटून ती तिरपी उडते. बे अरुंद असेल तर आख्खा बेच बंद करावा असं आमचं मत आहे. फितीपेक्षा खांब आणि साखळी बरी, कारण फितीखालून वाकून जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. एक माणूस फक्त पहाऱ्यावर ठेवा. त्याला दुसरं काम देऊ नका, आणि जेवणाच्या सुट्टीत व पाळी बदलताना त्याच्या जागी बदली माणूस हवा. अनोळखी माणूस नेमका त्याच वेळी आत शिरतो.

प्रश्न: वर चढताना पाने-स्पॅनर दोरीने बांधा असं सांगतात, पण दोरी हातात अडकते, काम होत नाही. नेमकं काय बांधायचं, कशाला बांधायचं?
— फिटर, भुसावळ

उत्तर: अडचण खरी आहे. बऱ्याचदा ती चुकीच्या दोरीमुळे येते. सुतळी, जुनी केबल, बाइंडिंग वायर यातलं काही वापरू नका. सुतळी ग्रीसने सुटते आणि बाइंडिंग वायर दोन-चार पिळांत तुटते. हत्यारांसाठी ताणणारी, दोन्ही टोकांना लॉक असलेली आणि मध्ये फिरती कडी असलेली तयार दोरी मिळते. फिरती कडी असली की पीळ बसत नाही, आणि हात अडकण्याचं मुख्य कारण पीळच असतं. दोरी काम करता येईल इतकीच लांब ठेवा. लांब दोरीवर पाना जास्त पडतो, जास्त झटका देतो, लोलकासारखा फिरून शेजारच्याच्या तोंडावर बसतो.

कशाला बांधायचं हे वजनावर ठरतं. पेचकस, टेस्टर, लहान पाना अशी किलोभराच्या आतली हत्यारं मनगटाच्या पट्ट्याला चालतील. त्याहून जड, साधारण अडीच किलोपर्यंतची, कमरेच्या हत्यारपट्ट्याला बांधा. त्यापुढचं सगळं, म्हणजे घण, चेन ब्लॉक, पोर्टेबल ग्राइंडर, मोठा पाइप पाना, माणसाला कधीच बांधू नका. ते गर्डरला किंवा कठड्याच्या खांबाला स्वतंत्र स्लिंगने बांधा. जड वस्तू पडली तर माणसालाच सोबत ओढते. पडणाऱ्या माणसाला धरणाऱ्या (फॉल अरेस्ट) हार्नेसच्या मागच्या कडीला हत्यार अडकवणंही चूक आहे.

हत्यारात दोरी अडकवायला जागा नसेल तर दांड्याला भोक पाडू नका, दांडा तिथूनच मोडतो. कडी असलेला पट्टा दांड्यावर ठेवून वरून हीट-श्रिंक किंवा स्वतःलाच चिकटणारी टेप घट्ट गुंडाळा. रिंग पान्याला भोक असतंच. सर्वांत घातक हत्यार आमच्या मते रॅचेट आणि सॉकेट. रॅचेट बांधलेलं असतं, पण चौकोनी टोकावर सॉकेट नुसत्या स्प्रिंगच्या गोळीवर धरलेला असतो. नट घट्ट असला, हिसका बसला की सॉकेट सुटून खाली. म्हणून पिन आणि रबरी रिंग लागणारे, इम्पॅक्टचे सॉकेट वापरा, किंवा लॉक असलेलं रॅचेट घ्या.

नट-बोल्ट, वॉशर, स्प्लिट पिन खिशात किंवा उघड्या डब्यात नेऊ नका. चुंबकाची थाळी जमिनीवर चांगली, वर नाही; धक्का लागला की थाळीसकट जाते. तोंड आवळता येणारी कॅनव्हासची पिशवी हवी, आणि ती दोरीने वर ओढायची, खांद्यावर टाकून शिडी चढायची नाही. शिडीला दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल, किल्ल्या, शर्टाच्या खिशातलं पेन, टॉर्च, चष्मा हे विसरू नका. मोबाइल खालीच ठेवा, चष्म्याला मागून दोरी लावा.

गर्डरवरच्या वाटेला जाळीदार ग्रेटिंग असेल तर तिच्या फटीतून एम १६ चा बोल्ट सहज खाली जातो. काम सुरू करण्याआधी ग्रेटिंगवर रबरी मॅट किंवा जाड ताडपत्री अंथरा, कडेला दीडशे मिलिमीटरची पायपट्टी आहे का बघा. नसेल तर तात्पुरती फळी बांधा. आणि ग्रेटिंग ज्या क्लिपांनी धरलेली असते त्याही हलवून बघा. खाली जाळी बांधायची असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: माणूस झेलायच्या जाळीचे घर शंभर मिलिमीटरचे असतात, त्यातून पाना निसटतो. तिच्यावर दहा-बारा मिलिमीटर घरांची बारीक जाळी अंथरावी लागते.

वर जाताना यादी, खाली येताना तीच यादी. चौदा नग नेले असतील तर चौदा उतरलेच पाहिजेत. एक कमी असेल तर क्रेन चालू करायची नाही, मग तो साधा १३-१५ चा पाना का असेना. ट्रॉलीवर राहिलेला पाना क्रेन हलल्यावर हळूहळू कडेला सरकतो आणि कधी पडेल याचा नेम नसतो.

प्रश्न: दुरुस्तीनंतर काही आठवड्यांनी क्रेनखाली नट, कधी वॉशर सापडतात. एकदा लिमिट स्विचचं झाकण पडलं. आम्ही प्रत्येक वेळी बोल्ट घट्टच केले होते. मग का?
— मेंटेनन्स इनचार्ज, धुळे

उत्तर: हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण पडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच कोणाच्या हातातून पडलेल्या नसतात, त्या क्रेनवरूनच सैल होऊन आलेल्या असतात. क्रेन सुरू होताना, थांबताना, रुळाच्या जोडावरून जाताना आडवे हादरे बसतात. आडव्या हादऱ्याने नट आणि पृष्ठभाग यांतलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट केसभर उलटा फिरतो. हे हजारो वेळा घडतं. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार भरवसा ठेवतात, पण अशा हादऱ्यात तो फारसा उपयोगी पडत नाही. पूर्ण आवळल्यावर तो सपाटच झालेला असतो.

मग काय वापरायचं? ज्या नटाला स्प्लिट पिन बसते तिथे कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि नवीन पिन. जुनी पिन सरळ करून परत वाकवू नका, ती वाकल्या जागी तुटते. बाकी ठिकाणी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) चालतो, पण तोही एकदा काढला की नवा लावा. भट्टीवरच्या क्रेनला नायलॉक नको, त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपुढे टिकत नाही. तिथे दातेरी पाचर वॉशरची जोडी लावा. दोन नट लावत असाल तर पातळ नट खाली आणि जाड वर. आवळून झाल्यावर नट, बोल्ट आणि बेस या तिघांवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या तपासणीत पाना लावायची गरज नाही. रेघ तुटलेली दिसली की कळलं.

जिथे पकड सुटली तरी वस्तू पडायला नको, तिथे दुसरी पकड द्या. भोंगा, दिवे, लिमिट स्विच, पॅनेलचं दार, गिअरबॉक्सचं तपासणी झाकण यांना ३–४ मिलिमीटरची स्टीलची बारीक दोर, दाबलेल्या फेरूलसह, क्रेनच्या लोखंडाला जोडा. दोरीत ढील जवळजवळ नको. पाच किलोचा दिवा ३० सेंटिमीटर पडून झटक्याने थांबला तर दोरीवर येणारा ताण त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. दिव्याच्याच एखाद्या स्क्रूला ती दोर बांधू नका. स्क्रू सुटला तर दोरीही जाते.

तपासणीत जागा चुकतात त्या ठरलेल्या आहेत. ट्रॉलीच्या आणि क्रेनच्या टोकाचे रबरी बफर मधल्या एकाच बोल्टवर असतात आणि आपल्या उन्हाने रबराला तडे जातात; हात लावून हलवून बघा, नुसतं पाहून समजत नाही. फेस्टून केबलच्या ट्रॉलीचा शेवटचा स्टॉपर, डीएसएलचे (क्रेनला वीज देणाऱ्या, रुळालगतच्या पट्ट्यांचे) कलेक्टर शू आणि त्यांचे स्प्रिंग, दोर मार्गदर्शकाचे तुकडे, हुक ब्लॉकच्या पुलीवरच्या झाकणाचे बोल्ट, गॅन्ट्री रुळाच्या क्लिपा, थ्रस्टर ब्रेकच्या पिना. कबुतरांची घरटी काढा. त्यात तारेचे, पट्टीचे तुकडे असतात आणि ते नुसत्या वाऱ्याने खाली येतात.

खाली सापडलेला नट कचऱ्यात टाकू नका. त्याचा माप, थ्रेड बघून तो कुठला हे शोधा, तोवर क्रेन बंद. आणि पडलेल्या प्रत्येक वस्तूची, कोणाला लागलं नसलं तरी, तारखेसह वहीत नोंद करा. एकाच जागेची दोन नोंद दिसली की तिथली पकडच बदलायची.

प्रश्न: एकाच बेमध्ये दोन क्रेन आहेत. एकीवर काम चालू असताना दुसरी चालवता येईल का?
— ऑपरेटर, शिरपूर

उत्तर: शक्यतो नाही. चालवायचीच असेल तर मध्ये रुळावर बोल्टने पक्के केलेले स्टॉपर हवेत. रुळाजवळ माणूस काम करत असेल तर चालती क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ पासून ही मर्यादा चालत आली आहे. दुरुस्तीतल्या क्रेनचा आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य स्विच) बंद करून प्रत्येक फिटरने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात. डीएसएल बंद केल्यावर टेस्टरने खात्री करा.

प्रश्न: उचललेल्या मालातूनच वस्तू पडतात त्याचं काय? आमच्याकडे पाइपांचे बंडल आणि जिनिंगमध्ये रुईच्या गाठी असतात.
— स्टोअरकीपर, जळगाव

उत्तर: पीव्हीसी पाइप घसरडे असतात आणि आपल्याकडे मोठ्या पाइपात लहान पाइप घालून गाडी भरायची पद्धत आहे. बंडल जरा तिरकं झालं की आतला पाइप तिराच्या वेगाने बाहेर येतो. म्हणून उचलण्याआधी दोन्ही टोकांना पट्टी आडवी बांधून तोंड बंद करा. बंडल दोन स्लिंगांनी, प्रत्येक स्लिंगचा दुहेरी वेढा देऊन उचला आणि जमिनीपासून वीतभर वर नेऊन थांबा. समतोल दिसला, काही सरकलं नाही, तरच पुढे. एकाच स्लिंगने मधोमध उचललेलं बंडल हमखास झुकतं.

स्लिंगचे पाय जितके पसरट तितका ताण जास्त. २ टनांचा माल दोन पायांनी, जमिनीशी ६० अंशांत उचलला तर प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन येतात. ३० अंशांत तेच प्रत्येकी २ टन होतात. तीक्ष्ण कडेवर कापडी स्लिंग वापरताना कोपऱ्याला रबरी किंवा चामड्याचा गादीतुकडा घाला. हुकाचं लॅच (तोंड बंद करणारी पट्टी) स्प्रिंगने स्वतः मिटलं पाहिजे. हुकाचं तोंड मूळ मापाच्या ५ टक्क्यांहून जास्त उघडलं असेल किंवा हुक पिळला असेल तर तो बाजूला टाका, तापवून सरळ करू नका.

१७० किलोची गाठ तिच्या पट्टीत हुक अडकवून उचलणं हे जिनिंगमध्ये सर्रास चालतं. पट्टी आधीच आतल्या दाबाने ताणलेली असते. ती तुटली तर गाठ तर पडतेच, शिवाय पट्टीचं टोक सपकन उलटतं. गाठ पकडणारा क्लॅम्प लावा किंवा दोन रुंद कापडी स्लिंग खालून घाला.

प्रश्न: शेतात विहीर खोदतोय, ६० फूट झाली. यारीने गाळ-दगड वर काढतात. खाली चार मजूर आहेत. परवा एक दगड घसरून पडला, कोणाला लागलं नाही, पण भीती बसली. भाऊ, काय काळजी घ्यावी?
— शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर: भीती बसली ते बरं झालं, काम थांबवून हे वाचा. ६० फुटांवरून पडणारा २ किलोचा दगड खाली येतो तेव्हा ३५० ज्यूलहून जास्त फटका देतो. त्यापुढे कुठल्याही हेल्मेटचं चालत नाही. आणि विहिरीत पळायला जागा नसते.

म्हणून पहिलं काम: तळाशी, टोपलं ज्या रेषेत वर जातं तिच्या समोरच्या बाजूला, एक भक्कम छपरी करा. जाड सागवानी फळ्यांवर लोखंडी पत्रा, चार कोपऱ्यांना लोखंडी अँगलचे पाय, खालचं काम पुढे जाईल तशी ती उतरवता येईल अशी. टोपलं जमिनीवरून उचलल्यापासून वर रिकामं होऊन परत पूर्ण खाली टेकेपर्यंत चारही मजूर छपरीखाली. यात वेळ जातो, ते मान्य करूनच मजुरी ठरवा. नाहीतर घाईत कोणी थांबत नाही.

टोपलं काठोकाठ भरायचं नाही, काठापासून वीतभर खाली ठेवायचं, आणि काठाच्या वर डोकावणारा एकही दगड नको. मोठा दगड टोपल्यात नाही तर साखळीच्या जाळीत घेऊन एकटाच वर काढा. टोपल्याच्या बुडाला चिकटलेला चिखल वर उलटताना पडतो, म्हणून प्रत्येक फेरीला बूड खरवडा. पहार, कुदळ टोपल्यात उभी ठेवली की वर जाताना कडेला लागून उलटते. तिला टोपल्याच्या कड्यांशी बांधा किंवा आडवी पोत्यात घालून पाठवा. माणूस मालाच्या टोपल्यात कधीच चढवू-उतरवू नका.

विहिरीच्या तोंडाशी काढलेली माती तिथेच रचतात, आणि तीच परत आत जाते. ढीग काठापासून किमान दोन मीटर दूर हवा. काठावर गोल कडं, मीटरभर उंच कठडा, आणि कठड्याच्या तळाशी बंद पट्टी घाला; नुसत्या बांबूच्या आडव्या कठड्याखालून दगड निघून जातो. तापीकाठची गाळाची माती खोलवर जाते आणि बाजू खचतात. तो वेगळा विषय आहे, पण कड्याभोवती फट दिसली तर कोणालाही खाली पाठवू नका.

यारीचं दोरकाम जवळून बघा. टोपलं वाकवलेल्या सळईच्या हुकाला अडकवलेलं असेल तर ते बदलून बंद शॅकल लावा, स्क्रू पिन तारेने बांधा. वायररोपच्या टोकाला फास असेल तर निदान तीन क्लिपा हव्यात, आणि क्लिपेचा जाड, दातेरी भाग ज्या बाजूवर वजन येतं त्या दोरावर. वाकडा यू बोल्ट सुट्या टोकावर. उलटं लावलं की यू बोल्ट ताणाचा दोरच चिरडतो. १२ मिलिमीटरच्या दोराला दोन क्लिपांमधलं अंतर सुमारे ७२ मिलिमीटर. पहिलं वजन घेतल्यावर क्लिपा परत आवळायच्या, कारण ताणाने दोर बारीक होतो. टोपलं तळाला टेकल्यावरही ड्रमवर दोराचे दोन-तीन वेढे उरले पाहिजेत. दोर हातात घेऊन फिरवायचा असेल तर जाड चामडी हातमोजा घाला. तुटलेल्या तारा हाताला आधी कळतात, डोळ्याला नंतर. यारीचा मागचा पाय उचलू नये म्हणून पोत्यांचं वजन ठेवता ना, ते सुटं नको, पायाला जखडलेलं हवं.

इशारे ठरवा आणि पाटीवर लिहून यारीजवळ लावा: एक शिट्टी थांब, दोन वर, तीन खाली. शिट्टी काठावरच्या एकाच माणसाची, पण ‘थांब’ कोणीही दिलं तरी यारी थांबलीच पाहिजे.

प्रश्न: साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर कंत्राटी काम करतो. वर नॅसेलमध्ये (पात्यांमागच्या यंत्राच्या खोलीत) सामान नेताना काय वेगळं?
— टेक्निशियन, धुळे जिल्हा

उत्तर: वेगळी आहे ती उंची. ७० मीटरवरून सुटलेली वस्तू चार सेकंदांच्या आत खाली येते, आणि शंभर ग्रॅमच्या बोल्टचा फटकाही ६९ ज्यूलपर्यंत जातो. त्यामुळे इथे ‘लहान वस्तू’ असा प्रकारच नाही. शिडीवर एका टप्प्यात एकच माणूस असावा. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर चढल्यावर खालचं झडपं मिटवा आणि मगच खालच्याला यायचा इशारा करा. सामान फक्त तोंड आवळता येणाऱ्या आणि वजनाची मर्यादा लिहिलेल्या पिशवीतून न्या. ती पिशवी वर येते त्या वेळी बाहेरच्या झडपाच्या बरोबर खाली कोणी उभं नसावं. खालच्या माणसाने टॅगलाइन (पिशवी भरकटू नये म्हणून धरायची दोरी) धरायची ती बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून. गाडी टॉवरच्या पायथ्याशी लावू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सर्व्हिस होइस्टची (सामान वर ओढणाऱ्या यंत्राची) सुटी साखळी जमा होते त्या पिशवीची क्षमता साखळीच्या लांबीला पुरेशी हवी. ती भरून वाहिली की साखळीचा गुच्छ कडेवरून ओघळतो आणि आपल्याच वजनाने उरलेली साखळीही खाली ओढतो. पहिल्या उचलीआधी हुक पूर्ण वर घ्या, म्हणजे सगळी सुटी साखळी पिशवीत येते, आणि ती काठापासून निदान चार बोटं खाली राहते का हे डोळ्यांनी बघा. राहत नसेल तर मोठी पिशवी बसेपर्यंत होइस्ट वापरू नका.